दादाला विचारून सांगतो

१२ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. कारण, काल मुरबाडला झालेली कार्यशाळा. विषय: 'विचारांची गुणवत्ता, धंद्यात आणि घरात'. बोलायला ठाण्याच्या नम्रता मॅडम. फी जेवण धरून. नोट्स घेणारा मी एकटाच. बाकीचे लोक डबे कधी उघडतात ते बघत होते.

मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या. 'मला माहीत आहे' आणि 'मला वाटतं' यातला फरक ओळखा. घेतलेला निर्णय लिहून ठेवा, म्हणजे नंतर स्वतःला फसवता येत नाही. आणि आपलं म्हणणं न पटणारा एक तरी माणूस जवळ बाळगा.

पहिल्या दोन मला आधीपासूनच येतात. तिसऱ्यासाठी माणूस बघायचा.

१३ जानेवारी
मॅडम म्हणाल्या होत्या, सुरुवातीला आपली परिस्थिती लिहा. लिहितो.

मी हनुमान. वय बेचाळीस. शहापुरात आमचा मंडप डेकोरेटर्सचा धंदा. मंडप, खुर्च्या, भांडी, स्टेज. धंदा दादाचा आणि माझा. दादा म्हणजे जगदीश, थोरला भाऊ. गेल्या जूनमध्ये गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात तीन दिवस, संपलं. तोवर सगळे निर्णय तो घ्यायचा आणि मी अंमलबजावणी बघायचो. म्हणजे दोरी धरायचो. मी काही सुचवलं की दादा आधी खाकरायचा, मग म्हणायचा, नको.

आता निर्णय माझ्याकडे. वर्षभरात मुरबाडला दुसरी शाखा काढायची.

१५ जानेवारी
न पटणारा माणूस म्हणून सारिकाची नेमणूक केली. बायको घरचीच, फी नाही. दुपारपर्यंत तिला माझं इतकं काही पटेनासं झालं की काम पुढे सरकेना. नेमणूक रद्द.

१८ जानेवारी
दुपारी गोदामात एकटा होतो. लखमा जेवायला गेलेला. (लखमा आमचा जुना मंडपवाला, डोळखांबकडच्या पाड्यावरचा.) खुर्च्यांच्या थप्प्यांमागे कोणीतरी खाकरलं.

जाऊन बघितलं. कोणी नाही.

माहीत आहे: उन्हाने पत्रा तापला की वाजतो.
वाटतं: काही नाही.

लखमा आल्यावर सहज विचारलं, जानेवारीत पत्रा तापतो का. म्हणाला, नाय तापत. त्याला विज्ञान कळत नाही.

२३ जानेवारी
किन्हवलीच्या एका गिऱ्हाइकाचा फोन. मुलीच्या हळदीचा मंडप. रेट कमी करा म्हणून हटून बसला. माझ्या तोंडून निघून गेलं, दादाला विचारून सांगतो.

सवय. इतकी वर्षं हेच बोलत आलो. पण हा माणूस दादाच्या दहाव्याला आला होता, माझ्याच शेजारी बसून जेवला होता.  लाइन कट.

संध्याकाळी त्याचाच फोन. आवाज बारीक. विचारतो, काय म्हणाले? मी म्हणालो, नाही म्हणतो. तो म्हणाला, बरं बरं, त्यांचा शब्द मोडायचा नाय आपल्याला. आमच्या रेटला बुक.

२४ जानेवारी
कालच्या प्रकारावर विचार केला. न पटणारा माणूस सापडला. दादाला माझं एकही म्हणणं कधी पटलं नाही. एवढा अनुभव दुसऱ्या कोणाकडे नाही. शिवाय आता तो नसल्यामुळे अडवणार पण नाही.

ठराव: प्रत्येक निर्णयाआधी दादा काय म्हणाला असता याचा विचार करायचा. ही फक्त मनाची कसरत. भुताखेतांशी काही संबंध नाही. सारिकाला समजावून सांगितलं. ती म्हणाली, नावाने हनुमान, आणि काल गोदामाचं कुलूप लावायला मला का पाठवलंत? विषय बदलला.

५ फेब्रुवारी, बुधवार
डोळखांबकडून बारकू आला. दादाच्या ओळखीचा शेतकरी. किन्हवलीच्या गिऱ्हाइकाचा पाहुणा, हे नंतर कळलं. मंडप नको होता. नारळ आणला होता.

म्हणाला, एक एजंट मागं लागलाय, फार्महाउसच्या प्लॉटसाठी माळावरची जागा दे म्हणतो. पोरं सही कर म्हणतात. तुमी जगदीशभाऊला इचारून सांगा.

मी त्याला मॅडमची पद्धत समजावली. बारकूने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ते ठीक हाय, पन भाऊ काय बोलतात?

अशिक्षित माणसाला त्याच्या भाषेत सांगावं लागतं. दादा कसा बसायचा, मान कशी करायचा ते डोळ्यांसमोर आणलं. घसा साफ केला. म्हणालो, थांब जरा.

बारकू हात जोडून उठला. लखमा दारात होता, तो दोन पावलं मागे सरकला.

१९ फेब्रुवारी
मोठी बातमी. त्या एजंटने एकच जागा दोघांना विकली आणि पळाला. ती जागा बारकूच्या शेजाऱ्याची, त्याची सही झालेली, तो बिचारा वकील शोधतोय. बारकू पेढे घेऊन आला. गोदामाच्या उंबऱ्याला हात लावून पाया पडला.

विचारांची गुणवत्ता म्हणतात ती हीच. मॅडमला मेसेज केला.

२६ फेब्रुवारी, बुधवार
बारकू बुधवारी आला होता, म्हणून आज बुधवार धरून सकाळी गोदामाबाहेर माणसं. कोणाच्या पोराला बारावीनंतर काय करू, कोणाची विहीर इथे खणू की तिथे. लखमा सगळ्यांना ओळीत बसवत होता. आत सोडताना चपला काढायला लावत होता. मी विचारलं, चपला कशाला? म्हणाला, शेठ, भाऊला चिखल आवडत नव्हता.

मी सर्वांना स्पष्ट केलं की ही निर्णयासंबंधी सल्लामसलत आहे. सर्वांनी मान हलवली. मग एकाने उदबत्ती लावली.

५ मार्च
अपेक्षासाठी स्थळ आलं. अपेक्षा म्हणजे दादाची एकुलती एक मुलगी. शहापुरात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. नाशिकच्या एका दवाखान्यातून नोकरीचं पत्र आलंय म्हणते, पण ते बघू.

स्थळ मुरबाडचं. मुलाच्या वडिलांचं मंगल कार्यालय आहे, सगळे त्यांना शेठच म्हणतात. मुलगा एकटा. घाई एवढ्यासाठी की दादाला वर्ष व्हायच्या आत लग्न उरकलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल, असं आमच्याकडे मानतात.

भावनेच्या आहारी न जाता दोन रकाने केले.

माहीत आहे: कार्यालय मोठं. मंडपाचं काम बाहेरच्याला देतात, ते घरच्याला मिळेल. मुरबाडची शाखा आपोआप उघडेल. अपेक्षा सुखी होईल.
वाटतं: मुलगा कमी बोलतो.

निर्णय: होकार. पाच मिनिटं लागली. पद्धत असली की काम असं होतं.

७ मार्च
नम्रता मॅडमचा फोन. सगळ्यांकडून फीडबॅक घेत होत्या. मी प्रगती सांगितली. फार खूश झाल्या. विचारलं, न पटणारा माणूस मिळाला का? म्हटलं, हो, माझा मोठा भाऊ. वा, म्हणाल्या, घरातलाच माणूस असला की मोकळेपणाने बोलतो, काय करतात ते? म्हटलं, गेल्या जूनमध्ये वारले.

 मॅडम म्हणाल्या, मी नंतर करते फोन. अजून आलेला नाही. बिझी असतील.

९ मार्च
सारिकाचं काहीतरी बिनसलंय. दादा खोलीत आला की ती डोक्यावर पदर घ्यायची, खाटेवर बसली असेल तर उठायची. थोरल्या दिराचा मान. आज मी जेवताना म्हणालो, भाजीत मीठ जास्त आहे. ती उठून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, चुकलं.

मी म्हटलं, अगं मी आहे.

ती म्हणाली, आता तुमी आहात. मघाशी नव्हता.

१० मार्च
सारिका माजघरात झोपायला गेली. म्हणते, थोरल्या दिराच्या खोलीत मी कशी झोपू. मी म्हटलं, उकाडा वाढलाय, तू म्हणतेस ते बरोबर, तिकडे वारा येतो.

११ मार्च
कोणीतरी बुधवारचा व्हिडिओ काढून पाठवला. मी बोलतोय. मान डावीकडे कललेली, उजवा हात मांडीवर, अंगठा चालतोय. दादा सुपारी कातरताना करायचा तसा. मी सुपारी खात नाही.

कॅमेऱ्याचा अँगल असेल. व्हिडिओ डिलीट केला. मग दाढी करताना आरशात बघितलं नाही. त्यामुळे कापलं.

१२ मार्च, बुधवार
लिहावं की नाही ठरत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या, लिहा.

आज ओळीत रुपावहिनी बसली होती. दादाची बायको. आमची घरं एकाला एक लागून आहेत, मधे फक्त तुळस. कधीही येऊन विचारू शकली असती. पण पदर घेऊन, हातात नारळ घेऊन, परक्या बायांच्या मागे जमिनीवर बसली होती. लखमाने तिला पुढे बोलावलं तर नाही आली. म्हणाली, माझी पाळी येईल तेव्हा.

आत आली. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या खांद्याच्या जरा वर बघत होती. पहिला प्रश्न, जेवण बरोबर जातं का?

मी काय सांगणार. म्हणालो, जातं.

तिथे थंडी आहे का? म्हणालो, नाही. मग तिने विचारलं, राग आहे का माझ्यावर? दवाखान्यात न्यायला मी उशीर केला का?

म्हणालो, नाही गं. अजिबात नाही.

'गं' मी मुद्दाम लावला नव्हता. वहिनीला मी अरेतुरे कसा करीन.

ती रडली. आवाज नाही, नुसतं पाणी. मग डोळे पुसून म्हणाली, पोरीचं काय करू? मुरबाडला देऊ का?

मी म्हणालो, दे.

ती नमस्कार करून गेली. मागे थप्प्यांमध्ये कोणीतरी खाकरलं. मार्चमध्ये पत्रा तापतो. ही माहिती आहे, मत नव्हे.

१४ मार्च
शेठकडे होकार कळवला. साखरपुडा २० एप्रिल. त्यांच्याच कार्यालयात. शेठ फोनवर म्हणाले, तुमच्या घरात जगदीशभाऊंचा आशीर्वाद आहे, आम्हाला अजून काय पाहिजे. सुसंस्कृत माणूस.

१७ मार्च
अपेक्षा गोदामात आली. तिने चपला काढल्या नाहीत. लखमा काही बोलला नाही.

म्हणाली, काका, बाबा हो म्हणाले असं आई सांगते. मी म्हणालो, हो, बाळा. ती म्हणाली, मग त्यांना एक विचारा, शेवटच्या दिवशी दवाखान्यात ते मला काय बोलले?

मी डोळे मिटले.  म्हणालो, नीट राहा म्हणाला.

ती अगदी हळू म्हणाली, बाबांच्या तोंडात नळी होती, काका. बोलत नव्हते ते.

मी तिथेच होतो. नळी लावली तेव्हा त्याचा हात मीच धरला होता. विसरलो कसा?

जाताना म्हणाली, मला तुमचा राग नाय. पण आई आता दोन ताटं वाढते, ते एकदा येऊन बघा.

१८ मार्च, दुपार
बघून आलो. साखरपुड्याच्या यादीचं निमित्त करून गेलो. वहिनी जेवत होती. समोर दुसरं ताट. भाकरी, वालाचं बिरडं, कांदा, पाण्याचा तांब्या. कोणी नाही. वहिनी मधेच काहीतरी सांगत होती, नळाला पाणी कधी आलं ते, कोणाच्या गाईला वासरू झालं ते. मग थांबायची, घास घ्यायची.

मी पाटावर टेकायला गेलो. ती पटकन म्हणाली, तिथं नका बसू.

दुसरीकडे बसलो. यादी वाचून दाखवली. काय वाचलं आठवत नाही.

२१ मार्च
ठराव: गोदामात एकट्याने जायचं नाही. कारण वेळेचं व्यवस्थापन.

२६ मार्च, बुधवार
आज बंद ठेवायचं ठरवलं होतं. सकाळी जाऊन बघतो तर लखमाने आमचीच ताडपत्री बांधून बाहेर सावली केलेली. खुर्च्या मांडलेल्या. आमच्याच. म्हणाला, म्हातारी माणसं येतात शेठ, उन्हात कशी बसतील. म्हणजे शहापुरातला सध्याचा आमचा सगळ्यात मोठा मंडप आमच्याच दारात, फुकट.

हळदीची दोन कामं परत गेली. एकाने कारण सांगितलं. म्हणाला, शुभकार्य आहे हो, तुमच्याकडे ते चालू असताना आमच्या घरचे नको म्हणतात. मी विचारलं, ते म्हणजे काय चालू आहे? त्याने फोन ठेवला.

२ एप्रिल
दुपारी न्हाव्याकडे दाढीला गेलो. तुझा कारागीर नको, तूच कर म्हटलं. तो विचारायला लागला, मिशी ठेवायची ना, जगदीशभाऊसारखी छान आलीय. मी मिशी ठेवलेली नाही. दाढी करताना आरसा टाळतोय, त्यात वाढली असेल.

काढून टाक म्हणालो. म्हणजे म्हणायचं होतं. तोंडून आलं, राहू दे.

९ एप्रिल
विचार: मुरबाडचं स्थळ मोडावं का?
माहीत आहे: शेठनी कार्यालयाचं वर्षभराचं मंडपाचं काम देतो म्हटलंय. पत्रिका द्यायला सुरुवात झाली. अपेक्षा माझ्याशी बोलत नाही. वहिनी आनंदात आहे, नवी साडी आणली.
वाटतं:

(इथे काय लिहायचं ते उद्या.)

१० एप्रिल
काल रिकामं ठेवलं होतं ते तसंच ठेवलं. एकदा घेतलेला निर्णय सारखा बदलणं हे कच्च्या विचारांचं लक्षण.

२० एप्रिल, रविवार. मुरबाड
झालं ते क्रमाने लिहितो. निःपक्षपाती.

कार्यालय उत्तम सजवलं होतं. सजावट माझी. दोन्हीकडची माणसं आली. अपेक्षा हिरव्या साडीत, मान खाली. मुलगा कमी बोलत होता. अंगठ्या घालायच्या आधी शेठ उठले, माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, आता आपण घरचे झालो, म्हणून एक काम सांगतो. आमच्या वडिलांनी कार्यालयामागची जागा माझ्या धाकट्या भावाला तोंडी देऊन ठेवलीय. ती त्याला सोडायची का? जगदीशभाऊंना विचारून सांगा. बुधवारची ओळ आता आपल्याला कशाला?

मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, खरं सांगू, स्थळं खूप होती. पण ही सोय दुसऱ्या घरात नव्हती.

म्हणजे मी कार्यालयासाठी पोरगी देत होतो आणि शेठ दादासाठी घेत होते. धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर दोन्ही बाजू फायद्यात. मला तरीही घाम फुटला.

शेठचा धाकटा भाऊ कोपऱ्यात उभा होता. पाहुण्यांना पाणी देत होता, तो हातात जग घेऊन तसाच थांबला.

उत्तर अवघड नव्हतं. 'सोडू नका' म्हणायचं, शेठ खूश. मी तोंड उघडलं.

खाकरलो. खाकरायचं माझ्या मनात नव्हतं.

आणि आवाज आला, पोरीला विचारलं का?

हे मी बोललो नाही. नोंद करून ठेवतो. आवाज माझ्या तोंडून आला हे मान्य. पण मी ठरवलं होतं ते वाक्य वेगळं होतं. जागेचा प्रश्न होता, त्याचं हे उत्तरसुद्धा नव्हे.

 सारिका उठून उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. तिच्या मागे आमच्याकडच्या आणखी दोन बाया उठल्या. शेठ म्हणाले, कोणत्या पोरीला? तेव्हा परत तोच आवाज, आता जरा चिडका, माझ्या पोरीला.

अपेक्षाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं नाही, आईकडे बघितलं. म्हणाली, मला नाय करायचं. मला नाशिकला जायचंय.

ओरडून नाही. साधं बोलली.

मुलाने सुटल्यासारखा श्वास सोडला. मी समोरच होतो, म्हणून दिसलं.

त्यानंतर शेठ बरंच बोलले. जेवण झालं नाही. सजावट आजच उतरवून न्या म्हणाले. 

कारण: सकाळपासून रिकाम्या पोटी होतो, त्यावर पेढा. ॲसिडिटी.

२१ एप्रिल
मुरबाडची शाखा तूर्त पुढे ढकलली.

२२ एप्रिल
रुपावहिनी सकाळी तुळशीला पाणी घालत होती. मी जाऊन उभा राहिलो. माफी मागायचं ठरवलं होतं, पण आधी भलतंच विचारलं. वहिनी, कार्यालयात बोलला तो दादा होता की मी?

म्हणाली, तुमी.

नक्की? ती म्हणाली, भाऊजी, चारचौघांत पोरीचा विषय काढणारा माणूस नव्हता तो. घरी येऊन आठ दिवस धुसफुसला असता, मग मला बोलला असता.

मग त्या बुधवारी, म्हटलं, तेव्हा? ते पण तुमीच, म्हणाली. तुमचे दादा कधी एवढं सरळ उत्तर द्यायचे नाय.

 म्हटलं, माहीत होतं तर ताट कशाला वाढत होता रोज?

ती तांब्या खाली ठेवून म्हणाली, समोर कोणी हाय म्हटलं की घास उतरतो. ते गेल्यापासून उतरत नव्हता.

मग तांब्या उचलून म्हणाली, आता नाय वाढत. तुमी पण बंद करा. इकडून तुमी हाका मारता, तिकडून मी. माणूस जाणार कसा?

म्हणजे कार्यालयातला तो प्रश्न माझा होता. सगळ्या वर्षात मी विचारलेला धड प्रश्न तेवढा एकच. आनंद व्हायला हवा होता. अंगावर काटा आला. दादा बोलला असता तर भीती तरी ओळखीची होती. हे माझ्या आत कोण बसलंय, ज्याला मी कधी विचारत नाही?

२ मे
अपेक्षा आणि वहिनी नाशिकला गेल्या. वहिनी चार महिने राहणार, लेकीचं बस्तान बसेपर्यंत. कसाऱ्यापर्यंत सोडायला गेलो. तिथून जीप. अपेक्षाने जीपमध्ये बसल्यावर पाया पडायला हात बाहेर काढला, पायापर्यंत पोहोचला नाही, गुडघ्याला लागला. म्हणाली, काका, मिशी काढा ती.

परत येऊन स्वतः दाढी केली. आरसा बघून. दोन ठिकाणी कापलं, पण माझंच तोंड होतं. फार काही बघण्यासारखं नाही.

५ मे
सारिका अजून माजघरात. म्हटलं, आता मी एकटाच आहे. म्हणाली, थोडे दिवस बघते, खरंच एकटे आहात का. बरोबर आहे. तिला जे माहीत नाही ते ती माहीत आहे म्हणत नाही. तिची न पटणाऱ्या माणसाच्या जागी पुन्हा नेमणूक करायचा विचार आहे. पण तिने घ्यायला पाहिजे.

७ मे, बुधवार
सकाळी गोदामाबाहेर ओळ. मी खुर्चीवर उभा राहिलो आणि सगळ्यांना खरं सांगून टाकलं. दादा येत नाही. कधीच आला नव्हता. बोलत होतो तो मीच. छान बोललो असं मला वाटतं. आवाज थोडा कापत होता, पण माझा होता.

कोणी उठलं नाही. बारकू शेजाऱ्याला म्हणाला, आज नाराज हायेत. लखमाने तोवर पहिला नारळ फोडला होता.

पहिली पाळी जनाबाईची होती. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावरची म्हातारी. पहाटे निघून आली होती. तिला एवढंच विचारायचं होतं की दोन लेक आहेत, दोघं दोन टोकाला, म्हातारपणी राहू कोणाकडे. मी म्हटलं, आजी, वरून कोणी बोलणार नाही, पण मी ऐकतो. तिने सगळं सांगितलं. थोरला प्रेमळ आहे, सून तुटक. धाकट्याची सून गोड आहे, तो पितो. एकदा थोरल्याच्या बाजूने सांगायची, एकदा धाकट्याच्या. मधेच हसायची पण. मी मधे बोललो नाही. खाकरलो नाही. शेवटी ती म्हणाली, मंग? सांग.

मी खूप विचार केला. रकाने केले नाहीत. जेवढा नीट करता येतो तेवढा विचार केला. मग म्हणालो, आजी, मला माहीत नाही.

ती म्हणाली, नाय?

म्हटलं, खरंच नाही.

जनाबाई उठली. पदर झटकला. म्हणाली, एवढ्या लांबून आली मी, हे तर मला घरी पन ठाऊक होतं. लखमाच्या हातातून नारळाच्या दोन्ही वाट्या काढून घेतल्या, तिच्याच होत्या, पिशवीत टाकल्या आणि परतीची गाडी बघायला गेली. प्रसादाचा तुकडासुद्धा ठेवला नाही.